पाळीपाळीने पाहुणे

रुम्बाकला पोचलेल्या पाहुण्याला घर निवडता येत नाही. कुणाच्या खिडकीतून डोंगर जास्त चांगला दिसतो, कुणाच्या गाद्या जाड आहेत, कुणाकडे मोबाइल चार्ज करायची सोय बरी आहे, असल्या चौकशांना इथे वाव नाही. आज ज्या घराची पाळी असेल त्या घरी पाहुणा उतरतो, उद्या येणारा शेजारच्या घरी. लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या आत, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या आसपास वसलेलं हे मोजक्या उंबऱ्यांचं गाव. एखाद्याने घराला चकचकीत रंग द्यावा, दोन खोल्या वाढवाव्यात आणि सगळे पाहुणे आपल्याकडे ओढून घ्यावेत, ही चढाओढच गावाने आपल्यात सुरू होऊ दिली नाही. शहरातल्या हॉटेलवाल्याला हा शुद्ध भाबडेपणा वाटेल. पण ज्या शेजाऱ्याबरोबर पाटाचं पाणी वाटून घ्यायचं, ज्याच्या मेंढ्या आपल्या मेंढ्यांबरोबर चरायला जायच्या, त्याच्याशी गिऱ्हाइकावरून वाकडं येणं डोंगरात परवडत नाही.

आज ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नेचर रिट्रीट’ या पाट्या हिमालयात वळणावळणावर दिसतात. पाटीमागे काय आहे ते पाहायचं असेल, तर रुम्बाकसारखं गाव उपयोगी पडतं. इथली सोय कुणा पर्यटन कंपनीच्या डोक्यातून निघाली नाही. तिच्या मुळाशी एक शिकारी जनावर आहे.

लडाखीत हिमबिबट्याला ‘शान’ म्हणतात. त्याचं नेहमीचं भक्ष्य म्हणजे भरल, म्हणजेच निळी मेंढी. पण रात्री गावातल्या मेंढ्यांच्या वाड्यात शिरायला वाट मिळाली, तर तो ती सोडत नाही. जुने वाडे दगडी भिंतींचे. काही वरून उघडे, काहींच्या छपराला धुरासाठी आणि उजेडासाठी ठेवलेलं भोक. बिबट्या त्यातून आत उतरतो, मेंढ्या घाबरून सैरावैरा धावू लागतात, आणि त्या गोंधळात तो एक मारून थांबत नाही, हाताला लागतील तेवढ्या मारत सुटतो. सकाळी मालक वाड्याचं दार उघडतो तेव्हा वर्षभराची पुंजी आडवी झालेली असते. भरपाईसाठी लेहच्या कचेरीत हेलपाटे घालायचे, हाती येणारी रक्कम जनावराच्या किमतीपुढे तुटपुंजी. अशा वेळी माणसाच्या मनात सूड आला तर त्यात नवल नाही. वाड्यातच अडकलेल्या बिबट्याला दगडांनी ठेचून मारल्याच्या घटना लडाखमध्ये घडल्या आहेत.

रॉडनी जॅक्सन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात नेपाळमध्ये हिमबिबट्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून त्यांचा माग काढला होता. पुढे लडाखचा रिंचेन वांगचुक त्याच्या सोबतीला आला. ‘स्नो लेपर्ड कॉन्झर्वन्सी’ची भारतातली शाखा रिंचेनने उभी केली आणि 2011 साली मृत्यू येईपर्यंत तो तिच्यासाठी राबला. या मंडळींनी आधी काम केलं ते वाड्यांचं. भिंती उंच केल्या, छपरावर पॉप्लरचे वासे टाकून घट्ट तारेची जाळी बसवली, पक्कं बसणारं दार लावलं. मजुरी आणि दगडमाती गावाची, जाळी आणि दारं संस्थेची. वाडा भक्कम झाला, पण चरणीवर पडणारं जनावर राहिलंच. त्या नुकसानीची भर कशातून काढायची, याचं उत्तर गावाच्या दारावरूनच रोज जात होतं. मारखा खोऱ्याच्या वाटेवर निघालेले ट्रेकर रुम्बाकला हात करून पुढे जात, तंबूत झोपत, शहरातून आणलेलं डबाबंद अन्न खात. गावाच्या पदरी पडायचा तो त्यांचा कचरा. 2002 च्या सुमारास ‘हिमालयन होमस्टेज’ या नावाने गावातली घरं पाहुण्यांना उघडली ती याच विचारातून. नियमही तेव्हाच ठरले: पाळी ठरलेली, दर ठरलेला, आणि मिळकतीचा काही हिस्सा गावाच्या सामाईक निधीत. त्या निधीतून झाडं लावायची, कचरा उचलायचा, वाटा दुरुस्त करायच्या.

रुम्बाकची वाट लेहमधून निघते, आणि लेहमध्ये आधी दोन दिवस काही न करता काढावे लागतात. साडेतीन हजार मीटर उंचीवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशच. सकाळी मुंबईहून निघून दुपारी लेहला उतरलेला माणूस जिना चढताना थांबतो, रात्री डोकं धरून बसतो. सात दिवसांत नुब्रा, पँगाँग आणि त्सो मोरिरी उरकणाऱ्या सहलींना हे दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. शरीराला मात्र त्यांची गरज असते. विमानाच्या इंधनाचा धूरही इथे हिशेबात धरायला हवा. लेहपर्यंत उडत यायचं आणि तिथे स्टीलची बाटली मिरवायची, यात विसंगती आहेच. ती पुसता येत नाही. आलोच आहोत तर थोडं जास्त थांबावं आणि गाडीने कमी हुंदडावं, इतकंच करता येतं.

लेहमधून स्पितुकच्या बौद्ध मठाखालून सिंधू ओलांडली की डावीउजवीकडे उघडे-बोडके, तांबूस-करडे उतार सुरू होतात. गाडीरस्ता झिंगचेनपाशी सोडायचा आणि ओढ्याच्या काठाने दोन-तीन तास चालायचं. घळ अरुंद आहे. कडे इतके जवळ येतात की दुपारीही खाली सावली असते. ओढा पुन्हापुन्हा ओलांडावा लागतो, कधी लाकडी फळीवरून, कधी दगडांवरून. पाण्याच्या कडेने विलोची झुडपं, रानगुलाबाचे काटेरी ताटवे, आणि त्यापलीकडे हातभर अंतरावर वाळवंट. लडाखमध्ये वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी याहून जास्त कोसळतो. इथलं सगळं हिरवेपण बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर, त्या पाण्याच्या पोचेपर्यंतच. पाट जिथे संपतो तिथे शेत संपतं, आणि शेताच्या बांधाला लागून दगडगोट्यांचा उतार वर चढत जातो.

मग घळ रुंदावते, जवाची शेतं दिसतात आणि पांढरी घरं. धाब्याच्या छपरांच्या कडेने वाळलेला चारा, शेणाच्या गोवऱ्या आणि काटक्या रचलेल्या. हिवाळा सात-आठ महिन्यांचा असल्याने ही रास म्हणजे घराची शिल्लक. पाहुणा अंगणात आला की आतून “जुले” ऐकू येतं. घरातल्या बाईला वयाप्रमाणे आमा-ले किंवा आचे-ले म्हणायचं. तो ‘ले’ लावायला विसरू नये, तो आपल्या ‘जी’सारखा आदराचा आहे.

पाहुण्यांची खोली वेगळी असते. जमिनीवर गाद्या, समोर नक्षीकाम केलेली चौरंगासारखी बुटकी लाकडी मेजं, भिंतीवर दलाई लामांचा फोटो. पण दिवस खरा जातो तो स्वयंपाकघरात. घरातली हीच सगळ्यात मोठी आणि ऊबदार खोली. मध्यभागी नक्षीदार चूल, तिच्यात शेण आणि काटक्या जळतात. भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी आकाराप्रमाणे ओळीने मांडलेली, वापरायची थोडी आणि मिरवायची जास्त, अगदी आपल्याकडच्या जुन्या मांडणीसारखी. गुरगुर चहा म्हणजे लोणी-मिठाचा चहा, लाकडी उभ्या नळीत घुसळलेला. पहिला घोट बहुतेक मराठी जिभांना रुचत नाही. तो चहा नसून सूप आहे असं समजून प्यायलं की जमतं. रात्रीला स्क्यू असतो: अंगठ्याने दाबलेल्या कणकेच्या बारीक वाट्या, बटाटा, गाजर आणि शेतातली पालेभाजी घालून शिजवलेल्या. आपली वरणफळं खाल्लेल्याला हे नवं वाटत नाही. सकाळी खंबीर, म्हणजे जाड गोल रोटी, जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर. आमा-ले वाढताना “दोन-ले, दोन-ले” म्हणत राहते, म्हणजे घ्या, घ्या ना. पहिल्यांदा नाही म्हणणं ही पाहुण्याची रीत, आणि तिकडे दुर्लक्ष करून वाढणं ही यजमानिणीची. मराठी पंगतीत वाढलेल्या माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही.

या ताटात ट्रकने आलेलं फार थोडं असतं. जव, वाटाणे, बटाटे, दूध, लोणी घरचं. तांदूळ, साखर, तेल बाहेरचं. पाहुण्याने मॅगी मागितली तर तीही मिळते, पण मग वेष्टन गावात राहतं. कोरड्या, थंड हवेत काही कुजत नाही. कोकणात पावसाळ्यात केळ्याची साल महिन्याभरात दिसेनाशी होते, इथे संत्र्याची साल पुढच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी सापडू शकते. प्लास्टिकची तर गोष्टच सोडा.

आता संडासाबद्दल. मराठी पाहुणा तोंडाने काही विचारत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून सविस्तर लिहायला हवं. लडाखी संडास दुमजली असतो. वरच्या मजल्यावर छोटी खोली, मातीची जमीन, जमिनीत एक लांबट भोक. कोपऱ्यात माती आणि चुलीतल्या राखेचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. काम झालं की फावडंभर माती-राख भोकातून खाली ढकलायची. खालच्या मजल्यावर ती रास महिनोन्‌महिने साठते, कोरडी पडते, मुरते आणि शेवटी खत म्हणून शेतात जाते. पाण्याचा थेंब लागत नाही, आणि माती-राख पुरेशी टाकली तर वासही येत नाही. इथे फ्लशचा संडास बांधणं हा नुसता पाण्याचा प्रश्न नाही. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, नळ गोठून फुटतात, सेप्टिक टाकीतले जंतू थंडीने गारठून कामच करत नाहीत. कोरडा संडास या हवेसाठीच घडत आलेला आहे. शिवाय इथली माती पातळ, दगडाळ. ती पिकवायला जनावरांचं शेण अपुरं पडतं, कारण शेण जाळायलाही लागतं. तेव्हा माणसाचं सोनखत गेलं नाही तर जव उतरत नाही.

म्हणूनच या भोकात काय जाऊ नये याबद्दल आमा-ले काटेकोर असते. बाटलीभर पाणी ओतलं तर खालची रास ओली होऊन सडते, तेव्हा पाणी वापरायचंच असेल तर अगदी बेताने, आणि आधी विचारून. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, शांपूच्या पुड्या अजिबात नाहीत. ते सगळं वसंतात नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येतं, आणि घरातलीच बाई ते हाताने वेचते. आपण टाकलेला कचरा कुणाच्या हाताला लागणार आहे, ते इतकं सरळ दिसण्याची सोय शहरात नाही.

तंबूपेक्षा घर का बरं, याचा हिशेबही सोपा आहे. तंबूवाल्या तुकडीला सामान वाहायला घोडे-खेचरं लागतात. ती जनावरं वरच्या कुरणांवर चरतात, आणि तिथेच भरल आणि गावातल्या याकांचं चरणं असतं. मारखाच्या वाटेवर निमालिंगचं पठार साडेचार हजार मीटरहून उंच आहे. तिथे गवताचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात शेकडो खेचरं चरून गेली तर हिवाळ्यात भरलांना काय उरणार? आणि भरल कमी झाले की बिबट्या पुन्हा मेंढ्यांच्या वाड्याकडे वळणार. घरात मुक्काम करणाऱ्याला तंबू नको, गॅसच्या टाक्या नकोत, जेवणाचं सामान नको. पाठीवर कपड्यांची एक पिशवी पुरते. मारखा खोऱ्यातल्या बायकांनी वाटेत लष्कराच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू उभारून चहा-बिस्किटांची दुकानंही काढली. पॅराशूट कॅफे म्हणून ती ट्रेकरांच्या ओळखीची झाली आहेत.

जानेवारी ते मार्च हा रुम्बाकचा दुसरा हंगाम. बर्फ खाली उतरतं, त्याच्यामागे भरल खाली येतात, त्यांच्यामागे हिमबिबटे. हुसिंग आणि तारबुंग या शेजारच्या घळींची नावं जगभरच्या वन्यजीव छायाचित्रकारांना पाठ आहेत. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या हिमबिबट्यांची पहिली पद्धतशीर मोजणी जाहीर केली. भारतात 718, त्यांतले 477 एकट्या लडाखमध्ये. कालपर्यंत ज्याच्या नावाने बोटं मोडली जात, त्याला शोधून दाखवण्यासाठी आता गावातल्याच तरुणांना बोलावणं येतं. पहाटे दुर्बिणीला डोळा लावून ते कड्यावरचा एकेक दगड तपासतात. दगडाने शेपटी हलवली की हाक देतात.

यातही सगळं गोड नाही. माग काढणारी एक तुकडी असते तोवर ठीक. एका घळीत चार-पाच तुकड्या, प्रत्येकाच्या तोफेएवढ्या लेन्स आणि वॉकी-टॉकी जमल्या की जनावर बिथरतं. शिकार करून त्यावर बसलेल्या बिबट्याला माणसांच्या गर्दीमुळे ती टाकून जावं लागलं, तर पुन्हा मारण्याची मेहनत त्याला उपाशीपोटी करावी लागते. चांगला वाटाड्या ओळखायची खूण अशी: तो पाहुण्याला जवळ नेत नाही, लांब थांबवतो, आणि फोटो मिळाला नाही तरी चालेल असं आधीच सांगतो. ‘हमखास दर्शन’ लिहिणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. लेहच्या आसपास, लष्करी छावण्यांच्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या हा आणखी वेगळा ताप. ही कुत्री रानात शिरतात, वन्य जनावरांच्या पिल्लांवर झडप घालतात. हॉटेलामागे फेकलेल्या उरलेल्या बिर्याणीचा हिमबिबट्याशी संबंध लागतो तो असा.

बिबट्याबरोबर लांडगाही या डोंगरांत आहे, आणि त्याच्याशी लडाखचं वैर जुनं. आमिष ठेवून लांडग्याला आत ओढणारे आणि बाहेर पडू न देणारे दगडी खड्डे, ‘शांगदोंग’, गावोगाव होते. चुशूल भागात गावकऱ्यांनी नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या साथीने काही खड्डे निकामी केले, भिंतीला वाट पाडली आणि शेजारी स्तूप उभारला. खड्डे पाडून टाकले नाहीत, कारण तेही पूर्वजांचंच बांधकाम.

रुम्बाकच्या पैशाकडे पाहताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते: तो बायकांच्या हातात येतो. मेंढ्या विकल्या तर व्यवहार पुरुषाचा. पाहुण्याचं बिल मात्र स्वयंपाकघरात चुकतं होतं. एरवी लडाखी गावांची तक्रार कोकणातल्या गावांसारखीच आहे. मुलं शिकायला लेहला किंवा जम्मू-दिल्लीला जातात आणि परतत नाहीत, मागे उरतात आबी आणि मेमे, म्हणजे आजी-आजोबा. होमस्टेने ही गळती थांबली असं म्हणणं धाडसाचं होईल. घर उघडं ठेवायला एक कारण मिळालं, इतकं मात्र खरं.

रुम्बाकचं मोल कळायला लेहमध्ये पुन्हा एक चक्कर मारावी. लडाख पर्यटकांसाठी 1974 साली खुलं झालं, आणि त्या वर्षी आलेल्यांची संख्या 527 सांगतात. 2022 मध्ये ती पाच लाखांच्या वर गेली. 2011 च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. म्हणजे घरच्यांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे, आणि तेही बहुतेक मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. प्रत्येकाला गरम पाण्याची अंघोळ, फ्लश आणि धुतलेल्या चादरी हव्या. बर्फाचं पाणी त्याला पुरत नाही, म्हणून बोअरवेल. सांडपाणी शोषखड्ड्यात, आणि शोषखड्ड्यातून पुन्हा त्याच भूजलात. कोरड्या संडासांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या गावाने पन्नास वर्षांत स्वतःच्या विहिरी नासवल्या, आणि ते केलं पाहुण्याच्या सोयीसाठी.

लेहने हे मुकाट्याने सोसलं असंही नाही. लडाखमधल्या महिलांच्या संघटनेने रेटा लावल्यामुळे 1998 मध्येच लेहमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, महाराष्ट्रात तशी बंदी येण्याच्या कितीतरी आधी. मुख्य बाजारातलं ‘झोम्सा’ हे छोटं दुकान उकळलेलं पाणी बाटलीत भरून देण्यासाठी जुन्या ट्रेकरांना माहीत आहे. सिंधूकाठच्या फे गावात सेकमोल या संस्थेचा परिसर आहे. दक्षिणेकडे तोंड केलेल्या मातीच्या जाड भिंती, काचा, आणि कडाक्याच्या थंडीतही खोली उबदार ठेवायला केवळ ऊन. 1988 मध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी ही संस्था सुरू केली. नवीन रिट्रीट बांधणाऱ्याने सिमेंटचे ठोकळे आणि डिझेलचे हीटर आणण्याआधी ही जागा पाहून यावी.

कधीकधी पाहुणाच नको, असं म्हणायची वेळ येते. स्टोक कांगरी हे सहा हजार मीटरहून उंच शिखर. चढाई फारशी तांत्रिक नाही आणि लेहहून जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे जत्रा भरायची. वरच्या तळावर तंबूंचं गाव, कचरा, उघड्यावरची घाण, आणि हे सगळं स्टोक गावाच्या पाण्याच्या उगमावर. हिमनदी मागे हटत होतीच. 2020 मध्ये ही चढाई बंद करण्यात आली. टूर ऑपरेटरांनी आपल्याच धंद्यावर कुऱ्हाड घातली, कारण स्टोकच्या लोकांना प्यायला आणि शेताला पाणी हवं होतं. हिमालयात असं वरचेवर घडत नाही.

दूर हान्ले भागात अंधार जपण्याचं काम चाललं आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची हिमालयन चंद्रा दुर्बीण साडेचार हजार मीटर उंचीवर तिथे आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिच्याभोवतीचं 1,073 चौरस किलोमीटर क्षेत्र ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झालं. गावातल्या 24 जणांना, त्यांत बहुतेक तरुणी, आकाश दाखवण्याचं शिक्षण मिळालं आणि लहान दुर्बिणीही. रात्री खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांना झाकणं, गाडीचे हेडलाइट मंद. पाहुणा घरी जेवतो आणि अंगणात शनीची कडी पाहतो.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण अंधाराचं हे गणित सह्याद्रीतही आहे. अकोले तालुक्यात मे-जूनमध्ये काजव्यांनी झाडं लखलखतात. काजव्याचा तो उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. गाड्यांच्या दिव्यांच्या झोतात ती खूण बुजते आणि जोडी जुळत नाही. भंडारदऱ्याकडे शनिवार-रविवारी लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, झाडाखाली मोबाइलचे टॉर्च आणि वर स्पीकर. काजवे पाहायला आलेले लोकच त्यांची पुढची पिढी कमी करत असतात. त्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावकरी स्वतःच्या घरी जेवू घालतात, स्वतःच वाट दाखवतात, तेव्हा पाहुण्याला टॉर्च बंद करायला सांगणारं कुणीतरी असतं. लडाखच्या होमस्टेत आणि पुरुषवाडीत साम्य आहे ते इथे: नियम सांगणाऱ्याचं घर तिथेच आहे, हंगाम संपल्यावर तो निघून जाणार नाही.

बांबूचे स्ट्रॉ, भिंतीवर पाहुण्यांना उपदेश आणि छपरावर सोलर पॅनल, एवढ्यावर एखादी जागा जबाबदार ठरत नाही. पाहुण्याने बुकिंग करताना साधे प्रश्न विचारावेत. जमीन कुणाची? स्वयंपाक करणारी आणि वाट दाखवणारी माणसं कुठल्या गावची? सांडपाणी कुठे जातं? कचरा कोण खाली नेतो? हंगामात किती जणांना ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवता? शेवटच्या प्रश्नावर जो गप्प होतो, त्याच्याकडे जाण्याआधी दोनदा विचार करावा. मुंबई-पुणे-नाशिकच्या सहल कंपन्यांच्या गाड्या उन्हाळ्यात लेहमध्ये रांगेने उभ्या असतात. त्यांतल्या प्रवाशांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर लेहचा हॉटेलवाला उत्तर शोधायला लागेल, कारण गिऱ्हाईक काय मागतं ते त्याला चटकन समजतं. आजवर गिऱ्हाइकाने फक्त गीझर मागितला.

लेहमध्येही आता ‘होमस्टे’ची पाटी लावलेल्या तीनमजली इमारती उभ्या आहेत. मालक खाली राहतो म्हणून ते होमस्टे, बाकी सगळं हॉटेल. त्यांना पाळी नाही, निधी नाही. रुम्बाकच्या पद्धतीचं नाव पुढे गेलं, पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिली. गावाच्या हातात कारभार ठेवणं हे खर्चिक नाही, अवघड आहे. त्याला भांडणं मिटवणारी बैठक लागते, हिशेब उघडा ठेवावा लागतो, आणि ज्याच्या घरी आज पाहुणा नाही त्याने ते मनाला लावून न घेणं लागतं. कुठलीही कंपनी हे विकत आणू शकत नाही.

रुम्बाकला जायचं असेल तर जून ते सप्टेंबर हे महिने चालणाऱ्यांसाठी, जानेवारी ते मार्च हे बिबट्याची वाट पाहू शकणाऱ्यांसाठी. हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. लेहला किमान दोन रात्री विश्रांती घ्यावी, डोकं दुखत असेल तर वर चढू नये. सोबत पाण्याची स्टीलची बाटली, टॉर्च, गरम कपडे आणि रोख सुटे पैसे ठेवावेत. चिवडा-लाडू जरूर न्यावेत, पण डब्यातून. आणलेली प्रत्येक पुडी परत लेहपर्यंत पाठीवर आणावी. मुक्कामाची नोंदणी लेहमधूनच करावी, आणि घर कुठलं मिळेल ते विचारू नये.